दहा बाय दहा

सिमरोळच्या घाटात तिसऱ्या वळणावर बस आम्हाला टाकून जाते.
पुढे सगळी चढण.
सुमलीबाई पुढे, खांद्यावर सुतळीचा गुंडा;
मी मागे, गुडघ्यांशी बोलत.

चार खुंट्या ठोकायच्या. सुतळी ताणायची.
दहा मीटर बाय दहा मीटर.
पाटणीपुऱ्यातली आमची पहिली खोली
दहा फूट बाय दहा होती, आत सहा जण.
आई म्हणायची, मावतं.
इथे कोण कोण मावलंय, ते वहीत लिहायचं.

हा उतार ब्याण्णव साली ठेकेदाराने साफ केला.
मी तेव्हा एम.एस्सी.ची पोर, नव्या पेनाची.
पहिल्या यादीत तीन नावं:
पळस, बोर, घाणेरी,
आणि घाणेरीपुढे लिहायला आकडा पुरला नाही.

आता वैशाख. पानं नाहीत कुणावर,
साल वाचायची.
साजाची पाठ मगरीसारखी,
सालईचे पापुद्रे जुन्या पोस्टकार्डासारखे सुटलेले,
धावडा गोरा, गुळगुळीत, नुकती दाढी केलेला.
मोई मला ओळखू येत नाही अजून,
सुमलीबाई नख मारून वास घेते आणि सांगते.
तिच्याकडची नावं कामावरून पडलेली:
पोट बांधणारं. गाईचा पान्हा उतरवणारं.
आणि एक, ज्याच्या काठीने मारलं तर वळ उठत नाही.
हे कुणी तपासलं, मी विचारत नाही.

सागाच्या तोडलेल्या बुडख्यातून पाच सोट फुटलेत.
एक झाड धरायचं की पाच?
सरांनी शिकवलं होतं, मूळ एक तर झाड एक.
सुमलीबाई म्हणते, पाच.
तोडणाऱ्याला पाचदा वाकावं लागेल ना.
मी रकान्यात एक लिहिते,
समासात पाच.

बारा वाजेपर्यंत अठरा जाती.
तिनावरून अठरा! मी डबा उघडला,
पोळीवर लोणचं जरा जास्तच वाढून घेतलं.

नाल्यापलीकडे जुनं रान आहे.
तिथे त्यांचा देव, म्हणून कुऱ्हाड गेली नाही;
शेंदराचा दगड, बुंध्याशी मातीचे घोडे,
काहींचे पाय तुटलेले, तरी उभे.
चपला काढून सुतळी ताणली.
एकोणीस.
अठरा आणि एकोणीस. रिपोर्टात वाचलं तर वाटेल,
एकच कुणीतरी यायचं राहिलंय, येईल पुढच्या बसने.

मग दोन्ही याद्या मांडीवर शेजारी ठेवल्या.
दोन्हीकडे असलेली नावं
सात.

मागच्या महिन्यात पाटणीपुऱ्यातून जाणं झालं.
दार उघडं होतं. कुकरची शिट्टी,
दोरीवर शाळेचे गणवेश.
उगाच मोजले, सहाच जण होते आत.
सहाच.
आमच्यातलं कुणी नव्हतं.
खोलीने काय करावं? ती भरलेली होती,
आणि सुखात होती, माझ्या अंदाजाने.

परत येताना सुमलीबाईच्या ओच्यात देवाच्या रानातल्या खिरण्या,
पिवळ्या, चिकट, दोन दोन एकदम तोंडात.
खिरणी जुन्याच यादीत आहे.
इकडच्या अठरांत नाही.
ती सुतळीच्या आत सावली बघून बसली
आणि बिया थुंकायला लागली,
एक इकडे, एक बुडख्यापलीकडे, एक थेट माझ्या खुंटीपाशी.
मी म्हटलं, बाई, इथे नको, माझी मोजणी बिघडेल.
तिने ओठ पुसले.
"बुलबुलाला सांगतेस का?"

काळी, चकचकीत बी. नखाएवढी.
मी ती उचलायला वाकले,
गुडघा कुरकुरला,
तसंच वाकून राहिले थोडा वेळ.
मग हात रिकामाच घेऊन उभी राहिले
आणि सुतळी गुंडाळायला घेतली.

खुंट्या राहू दिल्या.
पाचची बस चुकली.